मिठाच्या कणाएवढं ऊन

स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीतून एकच कण नखावर घ्या. साधारण 60 मायक्रोग्रॅम भरेल. आता मनातल्या मनात त्याचे सहा तुकडे करा आणि त्यातला एक उचला. तान्ह्या बाळाला दिवसभरात लागणारं ड जीवनसत्त्व एवढंच असतं: 10 मायक्रोग्रॅम, औषधाच्या बाटलीवरच्या भाषेत 400 युनिट. वर्षभराचं सगळं एकत्र केलं तरी चार मिलिग्रॅमच्या आत. एवढ्याशा ऐवजावर बाळाची हाडं घट्ट होतात, स्नायूंना जोर येतो. शिवाय फुप्फुसात शिरलेल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशीही याच ऐवजाची वाट बघत असतात, हे तर आत्ता आत्ता कळलंय.

हा विषय माझ्या डोक्यात घर करून बसला तो एका ऑगस्टात. कोल्हापूरचा ऑगस्ट. पंचगंगा पात्राबाहेर आलेली, राजाराम बंधाऱ्याची पातळी किती फुटांवर गेली याची घराघरांत चौकशी, आठ-दहा दिवस उन्हाचं नाव नाही, बाळाची दुपटी इस्त्री फिरवून वाळवायची. शेजारच्या आठ महिन्यांच्या बाळाला आधी सर्दी झाली, मग खोकला, आणि तिसऱ्या रात्री ते पोट उडवायला लागलं. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता. ‘डबा झालाय लेकराला,’ बाळाची आज्जी म्हणाली. जुन्या बायका लहान मुलांच्या न्यूमोनियाला असंच म्हणतात.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप नंतर काढला. आधी बाळाचं झबलं वर केलं, त्याला आईच्या मांडीवर शांत होऊ दिलं आणि घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट, काही न बोलता, नुसते श्वास मोजले. अठ्ठावन्न. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे श्वास मिनिटाला 50 किंवा त्याहून जास्त झाले की ती धोक्याची खूण. एक ते पाच वर्षांच्या मुलासाठी हा आकडा 40, आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी 60. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. तसेच हे तीन आकडे घराघरांत पाठ असावेत, असं मला त्या दिवसापासून वाटत आलंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तर ज्यांना फार मोजता येत नाही अशा गावातल्या दायांसाठी वाळूचं घड्याळ आणि मणी जोडून श्वासमापक बनवला होता. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात, तर बाळाला न्यूमोनिया आहे. गावातल्याच माणसांनी न्यूमोनिया ओळखून औषध दिलं तर बालमृत्यू कमी होतात, हे गडचिरोलीच्या कामानं 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये जगासमोर मांडलं.

शेजारचं बाळ ऑक्सिजन आणि अँटिबायोटिकवर चार दिवसांत सावरलं. घरी सोडायच्या वेळी त्याच्या वडिलांनी विचारलं, ‘डॉक्टर, व्हिटॅमिन डी कमी पडलं म्हणून झालं का हे? ते साठ हजारचं एकदम देऊन टाकूया का?’ आज्जीला ते लागलं. ‘मी रोज सकाळी कोवळ्या उन्हात धरतीय की त्याला!’

डॉक्टर म्हणाले, ‘आज्जी, ऊन चांगलंच. पण कुठलं ऊन, कवाचं ऊन, ते बघायला पायजे.’ आणि वडिलांना म्हणाले, ‘साठ हजार मात्र नको.’

कुठलं ऊन? या एका प्रश्नाचा माग काढत गेलो आणि थक्क होत गेलो.

अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव कोल्हापूरकराला सांगायला नको. 9, 10 आणि 11 नोव्हेंबर, पुन्हा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा ओलांडत गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. हवेत बाष्प किंवा धूर जास्त असला की ती मध्येच मंदावतात, आणि मंडपात उभी असलेली माणसं हळहळतात. आडव्या किरणांना हवेचा किती अडसर होतो हे कोल्हापूरनं पिढ्यान् पिढ्या डोळ्यांनी पाहिलंय. सूर्य डोक्यावर असताना त्याची किरणं वातावरणाचा जेवढा थर ओलांडतात, त्याच्या जवळपास 38 पट थर सूर्य क्षितिजाला टेकल्यावर ओलांडावा लागतो. त्या प्रवासात लाल-सोनेरी रंग टिकतात, निळा विखुरतो, आणि एक भाग तर वाटेतच संपतो. तो भाग डोळ्यांना दिसतच नाही: अतिनील किरणांतला ‘ब’ पट्टा, 290 ते 315 नॅनोमीटर लांबीच्या लहरी. वरचा ओझोनचा थर त्यांना गिळतो, आणि वाट तिरपी असेल तितका जास्त गिळतो.

ड जीवनसत्त्व बनतं ते नेमकं याच पट्ट्यातून.

आपल्या त्वचेत कोलेस्टेरॉलचा एक जवळचा नातलग पसरलेला असतो. 7-डीहायड्रोकोलेस्टेरॉल त्याचं नाव. त्याच्या रेणूत चार कड्या एकमेकींना जोडलेल्या असतात. या पट्ट्यातला प्रकाशकण नेमका येऊन आदळला की दुसऱ्या कडीचा एक बंध तुटतो आणि कडी उघडते. प्रकाशाचं काम इथं संपलं. पुढचं काम अंगातल्या उबेचं: उघडलेला रेणू काही तासांत, एक-दोन दिवसांत स्वतःला वळवून घेतो आणि ड जीवनसत्त्व तयार होतं. मग ते रक्तातून यकृतात जातं, तिथं त्याला एक जोड मिळते. रक्ततपासणीत मोजतात ते हेच रूप. मूत्रपिंडात आणखी एक जोड मिळाली की ते कामाचं होतं. आठ मिनिटांपूर्वी सूर्यावरून निघालेला प्रकाश बाळाच्या पाठीवर उतरतो आणि दोन दिवसांनी त्याच्या रक्तात वाहू लागतो. मी हे पहिल्यांदा नीट समजून घेतलं तेव्हा बराच वेळ नुसता बसून होतो.

आणखी एक चमत्कार याच जागी आहे. ऊन जास्त झालं तर? उघडलेला रेणू उन्हातच राहिला तर प्रकाश त्याला दुसऱ्याच दोन निरुपद्रवी पदार्थांकडे वळवतो. म्हणजे कातडीतच सांडवा बांधलेला आहे. उन्हात बसून कुणाला ड जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही, दिवसभर शेतात राबणाऱ्यालाही नाही.

आता आज्जीचं कोवळं ऊन. बाळाला तेल लावून, मालिश करून, शेक देऊन सकाळी सात-साडेसातच्या उन्हात पायांवर पालथं घालणं ही आपल्याकडची मोठी मायेची रीत आहे. त्या उन्हात ऊब असते, उजेड असतो, बाळाला आज्जीच्या हाताचा स्पर्श असतो. पण सूर्य तेव्हा तिरपा असतो आणि हवा तो पट्टा वरच्यावर खाऊन टाकते. तिरुपतीला डॉ. हरिनारायण यांनी हे पडताळून पाहिलं. त्वचेतला तोच पदार्थ कुप्यांत भरून त्यांनी दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी उन्हात ठेवला. सर्वांत जास्त रूपांतर झालं ते सकाळी 11 ते दुपारी 2 या वेळात. याला एक सोपा ठोकताळा आहे, घड्याळाविना वापरता येणारा: आपली सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर त्या उन्हात ड जीवनसत्त्व फारसं बनत नाही. काचेच्या खिडकीतून आलेल्या उन्हात तर जवळपास नाहीच. काच तो पट्टा अडवते.

कोल्हापूर साधारण 16.7 अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशीसुद्धा इथं दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य क्षितिजापासून 50 अंश वर असतो, सावली माणसापेक्षा आखूडच पडते. लंडनला त्या दिवसांत सूर्य दुपारी 15 अंशांपर्यंत कसाबसा चढतो. मेच्या पहिल्या आठवड्यात तर इथं शून्य सावलीचा दिवस येतो: सूर्य थेट माथ्यावर आणि सावली पायाखाली. वर्षातून दुसऱ्यांदा असा दिवस ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येतो. पण तो आपल्याला कधी दिसतच नाही, कारण तेव्हा कोल्हापूर ढगाखाली असतं आणि पंचगंगा इशारा पातळीकडे निघालेली असते. सूर्य सगळ्यांत सरळ उभा, आणि बाळाची खोली मिट्ट. रक्तात फिरणारा ड जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येतो. चरबीत मुरलेलं थोडं पुरवणीला येतं, पण लांबलेल्या पावसाळ्यात, कुंचीत-दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाकडे शिल्लक किती उरत असेल?

एवढं ऊन असलेल्या देशात ही कमतरता असेल असं जुन्या डॉक्टरांना वाटत नसे. 2016 ते 2018 या काळात देशभर झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या 14 टक्के, पाच ते नऊ वर्षांच्या 18 टक्के आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या 24 टक्के मुलांत ती सापडली. वय वाढतं तशी कमतरता वाढते. अंगणातून वर्गात, वर्गातून शिकवणीत. आपल्या सावळ्या कातडीतलं रंगद्रव्य उन्हापासून आपलं रक्षण करतं, त्यामुळं तेवढंच ड जीवनसत्त्व बनायला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ ऊन लागतं. खाण्यातून मिळतं ते थोडं: अंड्याचा बलक, तेलकट मासे. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन पोरं धडधाकट होतात हे खरं, कारण त्यात कॅल्शियम आणि प्रथिनं भरपूर असतात. ड जीवनसत्त्व मात्र दुधात मुळातच नगण्य. आईच्या दुधातही लिटरमागे शंभर युनिट नसतात.

पण न्यूमोनियाशी याचं नातं काय?

पहिला धागा हाडांचा आहे. ड जीवनसत्त्व नसेल तर कॅल्शियम हाडात बसत नाही आणि मुडदूस होतो. आपण मुडदूस म्हटलं की वाकलेले पाय आठवतो. छातीही वाकते, ते विसरतो. फासळ्या जिथं कूर्चेला मिळतात तिथं गाठी येतात, छातीवर दोन्ही बाजूंना मण्यांची माळ ओवल्यासारख्या. मऊ फासळ्यांची छाती म्हणजे कडा ढिल्या झालेला भाता. ताकद लावून ओढला की हवा आत येण्याऐवजी भाताच आत दबतो. स्नायूही दुबळे, खोकून कफ बाहेर टाकायला जोर नाही. इथिओपियातल्या डॉक्टरांनी 1997 साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेला आकडा वाचून मी चरकलो: न्यूमोनियानं दाखल झालेल्या 500 मुलांपैकी 210 जणांना मुडदूस होता. न्यूमोनिया नसलेल्या तेवढ्याच मुलांमध्ये फक्त 20 जणांना.

आपल्याकडची गोष्ट इंदापूरची. पुणे जिल्ह्यातलं, उजनीच्या पाण्यावरचं, उसाच्या पट्ट्यातलं गाव. तिथल्या एका खासगी बालरुग्णालयात दोन महिने ते पाच वर्षांची 150 मुलं तपासली गेली: 80 जण गंभीर श्वसनसंसर्गाचे, 70 जण तसा आजार नसलेले. ही मुडदूस झालेली मुलं नव्हती. वरून कमतरतेचं काही दिसत नव्हतं, ती फक्त रक्तात होती. 2004 साली निष्कर्ष छापून आला. ज्यांच्या रक्तातली पातळी लिटरला 22.5 नॅनोमोलच्या वर होती, म्हणजे आपल्या प्रयोगशाळांच्या मापात साधारण 9 च्या वर, त्यांच्यात गंभीर आजाराची शक्यता अकराव्या हिश्श्यावर आली होती. पहिले चार महिने निव्वळ आईच्या दुधावर वाढलेल्यांतही ती निम्म्याहून कमी होती. इंदापूरसारख्या, ऊन मागितल्यावर छप्पर फाडून मिळेल अशा गावातला हा अभ्यास पुढं जगभरच्या संशोधकांनी पुन्हा पुन्हा संदर्भाला घेतला.

मुडदूस नसतानाही हे का व्हावं? याचं उत्तर 2006 साली ‘सायन्स’मध्ये आलं, कॅलिफोर्नियातल्या संशोधकांकडून, आणि ते क्षयाच्या जंतूवर काम करत होते. आपल्या फुप्फुसांत गस्त घालणाऱ्या भक्षक पेशी असतात. जंतूची चाहूल लागली की त्या दोन गोष्टी करतात: ड जीवनसत्त्व ओळखणारं कुलूप स्वतःत वाढवतात, आणि रक्तातलं अर्धं तयार ड जीवनसत्त्व स्वतःच पूर्ण तयार करू लागतात. मूत्रपिंडाची वाट बघत नाहीत. ते कुलूप उघडलं की पेशी कॅथेलिसिडिन नावाचं प्रथिन बनवते. त्यातून 37 अमिनो आम्लांचा एक लहानसा तुकडा सुटतो, आणि तो जंतूच्या आवरणाला भोकं पाडतो. रक्तात कच्चा माल कमी असेल तर पेशी हुकूम सोडते, पण हत्यार पुरेसं घडत नाही. ज्यांच्या रक्तात तो कमी होता त्यांच्या रक्तद्रवात संशोधकांनी तो घातला, आणि हत्यार घडायला लागलं.

याहून विलक्षण गोष्ट जनुकांची आहे. ड जीवनसत्त्व जिथं येऊन बसतं ती कॅथेलिसिडिनच्या जनुकाशेजारची जागा उंदरात नाही. कुत्र्यात नाही. ती फक्त माकडं, वानर आणि माणूस या आपल्या कुळात आहे. साडेपाच-सहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या गुणसूत्रांत उड्या मारत फिरणारा एक उपरा डीएनएचा तुकडा नेमका या जनुकापुढं येऊन पडला, आणि त्याच्यात ही जागा होती. तो पडला, टिकला, पिढ्यान् पिढ्या उतरत शेजारच्या बाळापर्यंत आला. उन्हाचा आणि जंतुनाशक हत्याराचा सांधा आपल्या कुळात असा जुळला आहे.

इथपर्यंत आल्यावर वाटतं, मग प्रश्न सुटला. न्यूमोनिया झालेल्या बाळाला ड जीवनसत्त्व द्या, बरं होईल.

हे करून पाहिलं गेलं, आणि फार काटेकोरपणे. चिठ्ठ्या टाकल्यासारखे मुलांचे दोन गट, एकाला ड जीवनसत्त्व, दुसऱ्याला दिसायला तसंच पण त्याविना, आणि कुणाला काय दिलं हे ना आईला ठाऊक, ना डॉक्टरला. दिल्लीत 200 मुलांना अँटिबायोटिकबरोबर पाच दिवस हजार-दोन हजार युनिट दिले, 2012 साली निकाल छापून आला. दोन्ही गट सारख्याच वेळात, साधारण 72 तासांत सावरले. दिल्लीतच पुढं 324 मुलांना एकदम एक लाख युनिट दिले, 2016 साली निकाल आला: बरं व्हायला लागणाऱ्या वेळात फरक नाही, पुढच्या सहा महिन्यांत पुन्हा आजारी पडण्यातही नाही. काबूलमध्ये 2010 साली 453 मुलांत बरं होण्याचे दिवस सारखेच निघाले, पण पुढच्या तीन महिन्यांत पुन्हा न्यूमोनिया होणाऱ्यांचं प्रमाण 58 टक्क्यांवरून 45 वर आलं. आशा वाटली. म्हणून त्याच काबूलमध्ये 3046 तान्ह्या बाळांना दर तीन महिन्यांनी एक लाख युनिट, दीड वर्षभर देऊन पाहिलं. 2012 साली उत्तर आलं: न्यूमोनिया दोन्ही गटांत जवळपास सारखाच, आणि पुन्हा पुन्हा होणारा तर ड जीवनसत्त्व दिलेल्यांत थोडा जास्तच. 2018 साली, अशा चाचण्यांचे निकाल एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेनं तोवरच्या सात चाचण्या आणि 1529 मुलं एकत्र मांडली, तेव्हाही उपचार म्हणून खात्रीलायक फायदा दिसला नाही.

मला या नकारांचं मोल मोठं वाटतं. काबूलसारख्या शहरात, त्या काळात, तीन हजार घरांचे उंबरे दीड वर्ष झिजवणाऱ्या माणसांनी आपल्या मनासारखं उत्तर नसतानाही ते जसंच्या तसं छापलं.

मग इंदापूरचं काय? एक शक्यता अशी की कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली. घरात कोंडलेलं, चुलीच्या धुरात वाढलेलं, अर्धपोटी बाळ आजारीही पडतं आणि त्याला ऊनही मिळत नाही. दुसरी शक्यता उलटी: शरीरात दाह सुरू झाला की रक्तातली ड जीवनसत्त्वाची पातळी आपोआप उतरते. म्हणजे आजारात केलेल्या तपासणीत दिसणारा कमी आकडा काही अंशी आजाराचाच परिणाम असू शकतो. आणि तिसरी गोष्ट साधी आहे. 58 श्वास चाललेल्या बाळाच्या फुप्फुसात लढाई आधीच पेटलेली असते. तेव्हा कच्चा माल ओतणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

पण काबूलच्या बाळांना तर आधीपासून दिलं होतं. तिथं का चाललं नाही? इथं मला राधानगरी आठवते. शाहू महाराजांच्या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे: पाणी ठरावीक पातळीला पोचलं की कुणी हात न लावता उघडतात आणि जादा पाणी भोगावतीत सुटतं. शरीरातही असा दरवाजा आहे. ड जीवनसत्त्व एकदम खूप आलं की ते मोडीत काढणारं विकर आपोआप वाढतं, आणि ते वाढलेलं काही काळ वाढलेलंच राहतं. तीन महिन्यांचं पाणी एकाच दिवशी सोडलं तर ऊस तीन महिने भिजत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. त्याला पाळीनं पाणी लागतं. संशोधकांनी मांडलेलं हे एक कारण आहे, आणि आकड्यांतही त्याचा माग लागतो. मंगोलियात उलानबातरमध्ये कडक थंडीच्या दिवसांत 247 शाळकरी मुलांना दूध दिलं गेलं, त्यातल्या काहींच्या दुधात रोजचे 300 युनिट मिसळून. त्यांचे सर्दी-खोकल्याचे आजार जवळपास निम्म्यावर आले. 2017 साली 25 चाचण्यांतल्या जवळजवळ 11 हजार माणसांची नोंद एकत्र तपासली, तेव्हा फायदा दिसला तो रोज किंवा आठवड्याला थोडं थोडं घेणाऱ्यांत, आणि त्यातही ज्यांच्या रक्तात ते अगदीच तळाला गेलं होतं त्यांना सर्वांत जास्त. एकदम मोठा डोस घेणाऱ्यांत नाही. 2025 साली हीच मोजणी 64 हजार माणसांपर्यंत गेली तेव्हा एकूण फायदा इतका आकसला की तो आहे असं छातीठोक म्हणता येत नाही. विज्ञान या जागी उभं आहे आणि मला ते तसंच सांगायचं आहे.

न्यूमोनिया आजही मुलांचा मोठा मारेकरी आहे. 2019 साली जगात पाच वर्षांखालची 7 लाख 40 हजार मुलं त्यानं गेली. त्याला अडवणारी भक्कम माणसं दारात उभी आहेत: आईचं दूध, गोवराची लस, पाच आजारांवरची पेंटाव्हॅलंट, 2021 पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळणारी न्यूमोकोकल लस, धूर नसलेलं स्वयंपाकघर, वेळेवर मोजलेले श्वास. ड जीवनसत्त्व त्यांच्या जागी उभं राहत नाही. ते पाया भरतं. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना पहिलं वर्षभर प्रत्येक बाळाला रोज 400 युनिट थेंबांतून द्यायला सांगते, न्यूमोनिया होवो न होवो. कोवळ्या कातडीला दुपारचं ऊन सोसत नाही, आणि सोसतं त्या उन्हात ते बनत नाही, हा पेच थेंबांनी सुटतो.

मात्र बाटली नीट वाचा. औषधाच्या दुकानात मिलिलिटरला 400 युनिटचे थेंब मिळतात, 800 चेही मिळतात, आणि पाच मिलिलिटरच्या इवल्याशा बाटलीत 60,000 युनिटही मिळतात. शेवटची बाटली म्हणजे तान्ह्याचा दीडशे दिवसांचा वाटा. कातडीतला सांडवा तोंडावाटे घेतलेल्याला नाही, आणि आतला दरवाजाही फार मोठ्या पुरापुढं टिकत नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढतं, बाळ उलट्या करतं, शी होत नाही, मलूल पडतं, मूत्रपिंडाला इजा होते. डॉक्टर ‘साठ हजार नको’ म्हणाले ते यासाठी.

परवा नोव्हेंबरात शेजारी गेलो तेव्हा बाळ अकरा महिन्यांचं झालं होतं. आज्जीची किरणोत्सवाला निघायची घाई चालली होती. तरी आधी तिनं बाटली हातात घेतली, चष्मा लावून तिच्यावरचा आकडा वाचला, ड्रॉपर उजेडाकडे धरून रेघेपर्यंत भरला आणि बाळाच्या गालात सोडला. त्यानं जीभ बाहेर काढून ओठ चाटले. सकाळचं मालिश आणि कोवळं ऊन तिनं सोडलेलं नाही, आणि सोडूही नये. बाळ झोपल्यावर तिनं दुपटं थोडं बाजूला केलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे एक नजर टाकली आणि त्याच्या पोटाकडे बघत राहिली. मी काही बोलणार होतो, तिनं हातानंच थांबवलं. काटा एक फेरी फिरून आला.

‘एकतीस,’ ती म्हणाली, आणि दुपटं वर ओढून देवळाकडे निघाली.